सरवटे बाबूंचा पंधरा ओळींचा रुपया

दत्तात्रेय सरवट्यांना गेल्या वर्षी जूनमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. त्यात उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा उरला. इस्पितळातल्या नवव्या दिवशी त्यांनी डोळे उघडून बायकोकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "टका."

इंदूला वाटलं, इस्पितळाच्या बिलाची काळजी करताहेत. "बिलाचं नीरज बघतोय," ती म्हणाली. नीरज त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला असतो. त्यांनी पुन्हा म्हटलं, "टका," आणि तोंड किंचित उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिले, दार वाजवून कुणी उघडायची वाट बघतो तसे.

घरी आणल्यावरही तेच. तहान लागली की टका, कूस बदलायची असली की टका, डोळ्यांवर ऊन आलं की टका. झाशीत लक्ष्मी गेटच्या आत त्यांचं घर अगदी रस्त्याला लागून आहे. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं की येणारे-जाणारे विचारपूस करायला थांबत. या मुलखात टका म्हणजे पैसा हे शेंबड्या पोरालाही कळतं. थांबणारा आधी हळहळायचा, मग हा शब्द ऐकून जरा मागे सरकायचा. समोरची साडीवाली तर तोंडावर म्हणाली, "भाभीजी, ज़िंदगी भर खिड़की पे नोटें गिनी हैं ना, वही दिमाग़ में रह गया." इंदूच्या अंगाची आग झाली. चौतीस वर्षं रेल्वेच्या तिकीटखिडकीवर बसून ज्या माणसाने कुणाचे सुटे चार आणेसुद्धा आपल्याकडे राहू दिले नाहीत, त्याच्याबद्दल हे ऐकायचं.

ऑगस्टमध्ये त्यावर कडी झाली. देवळातून परतणाऱ्या एका अनोळखी बाईने त्यांच्या डाव्या हातात दहाची नोट ठेवली. इंदू लाटणं हातात घेऊनच बाहेर धावली.

"ये भिखारी नहीं हैं, बहनजी."

"माफ करना अम्मा, वो माँग रहे थे," असं म्हणून बाई घाईघाईने निघून गेली.

इंदू नोट काढून घ्यायला वाकली, पण ते सोडेनात. त्यांनी नोट मांडीवर उलटी केली, तळव्याने सपाट केली, आणि डाव्या कडेला बारीक अक्षरांच्या पंधरा ओळी असतात ना, त्यातल्या सगळ्यात वरच्या ओळीवर अंगठा टेकवला. आसामीतली ओळ. "टका," ते म्हणाले आणि तिच्याकडे बघत राहिले.

इंदू ओट्याच्या पायरीवरच बसली. दोन महिने ती या माणसाला पाणी पाजत होती, कूस बदलत होती, आणि तो मागत होता काही वेगळंच.

ते कळायला त्यांची नोकरी माहीत असायला हवी. झाशीच्या स्टेशनात कोण उतरत नाही? दिल्लीहून मद्रासकडे जाणाऱ्या गाड्या इथून जातात. ओरछ्याला, खजुराहोला जाणारे बंगाली इथे उतरतात. जवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीत तर सगळा देश राहतो. खिडकी नंबर चारवर बसणाऱ्या तरुण दत्तात्रेयाने नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक खोड लावून घेतली. समोरचा माणूस कुठला ते अदमासाने ओळखायचं आणि तिकिटाचे पैसे सांगताना रुपयाला त्याच्या भाषेतला शब्द वापरायचा. आकडा हिंदीत, रुपया त्याचा. तमिळ जवान असला तर "बयालीस रूबाय". मल्याळी नर्स असली तर "अट्ठावन रूपा". ओडिया मजूर असला तर "तीस टंका". शब्द चुकला तर प्रवाशाकडूनच दुरुस्त करून घ्यायचा, मागे रांग ओरडत असली तरी. काश्मिरी शालवाल्याने त्यांना 'रोपयि' तीनदा म्हणायला लावलं होतं, तेव्हा कुठे त्याने पैसे पुढे सरकवले.

"तुम्हाला एवढ्या भाषा येतात?" लग्नानंतर इंदूने विचारलं होतं. ती सागर गावची, त्यांच्यासारखीच जुन्या मराठी घरातली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, एवढंच तिचं जग.

"एकही येत नाही," ते म्हणाले. "एकेक शब्द येतो. पण परक्या गावात आपला रुपया ऐकला ना, की माणूस क्षणभर घरी जाऊन येतो. चेहरा बघ त्याचा. मग तो सुटे पैसेही काढून देतो."

स्टेशनात सगळे त्यांना सरवटे बाबू म्हणत. शेजारच्या खिडकीवरचा देवेंद्र त्यांची टिंगल करायचा, "बाबू, पूरी नोट पढ़ के ही दम लोगे." त्यांनी खरंच नोट पाठ केली. कडेच्या ओळी ज्या क्रमाने छापल्यात त्याच क्रमाने, वरून खाली, रुपयाची नावं.

नीरज सात वर्षांचा झाल्यावर तो खेळ झाला. बाबा पहिली ओळ म्हणणार, नीरज दुसरी, बाबा तिसरी. "टका." "टाका." "रूपिया." "रूपायिगळु." कन्नडवर नीरज खो खो हसायचा. तेव्हा नोटेवर तेराच भाषा होत्या आणि मराठी सातवी, म्हणजे बाबांच्या वाट्याला. नीरज त्यावरून रुसायचा. "मराठीची बारी माझी." बाबा ऐकायचे नाहीत. "नोटेवर आहे तसंच. नोट काय मी छापतो?" मग तो अकरा वर्षांचा असताना नव्या नोटा आल्या. त्यांत कोंकणी आणि नेपाळी वाढली, मराठी सातवीवरून आठवी झाली आणि आपोआप नीरजच्या वाट्याला आली. बाबा ती कोरी नोट घेऊन घरी आले, तेव्हा जणू सरकारने ती नीरजसाठीच छापली होती. त्या दिवशी त्याने आठवी ओळ एवढ्या मोठ्याने म्हटली की इंदूच्या हातातलं दूध सांडलं. ती या खेळात कधी नव्हती. ती स्वयंपाकघरात असायची. पण भिंतीपलीकडून पंधराच्या पंधरा तिच्या कानावर पडत.

पोर मोठा होत गेला तसा खेळ कमी झाला, पण बंद नाही पडला. इंजिनियरिंगच्या सुट्टीत घरी आला, की पिशवी खाली ठेवायच्या आत बाबा म्हणायचे, "टका." तो चप्पल काढता काढता म्हणायचा, "टाका." खुशाली विचारायची त्यांची तीच रीत होती.

ती मोडली नीरजच्या लग्नात. लग्न पुण्याला, रुपालीच्या माहेरच्यांनी मोठं कार्यालय घेतलेलं. झाशीहून गेलेली मंडळी बारा. तिकडच्या बायका यांचं मराठी ऐकून कौतुकाने हसत होत्या. "किती गोड बोलता हो तुम्ही, अगदी हिंदी सिरियलसारखं." नीरज ते ऐकत होता, इंदूला त्याचा चेहरा दिसत होता. जेवणं चालू असताना दत्तात्रेय व्याह्यांना, रत्नाकररावांना, अभिमानाने सांगू लागले की आमचा नीरज पंधरा भाषांत रुपया म्हणतो. आणि भर पंगतीत मुलाकडे वळून म्हणाले, "टका."

नीरजने ताटातून मान वर केली नाही. त्यांना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी आणखी मोठ्याने म्हटलं, "टका."

"बाबा, बस," नीरज म्हणाला, आणि मग हिंदीत, "मैं बंदर नहीं हूँ."

पंगतीत कुणीतरी हसलं. दत्तात्रेय म्हणाले, "बरोबर आहे," आणि जिलबी वाढणाऱ्याला पुढे जाऊ दिलं.

परतीच्या गाडीत इंदूने त्यांना सुनावलं. "त्याचं काही चुकलं नाही. नव्या सोयऱ्यांसमोर काय तमाशा. पोराला खाली बघायला लावलंत." ते भोपाळपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी नीरजसमोर तो शब्द काढला नाही. दर दिवाळीला तो यायचा, बाबा म्हणायचे, "आलास? गाडी वेळेवर होती?"

म्हणून इंदू त्या पायरीवर बसली होती. मग ती म्हणाली, "टाका."

त्यांचा अर्धा चेहरा हलला. "रूपिया," ते म्हणाले.

"रूपायिगळु."

"रोपयि."

असे ते दोघं पंधराव्या ओळीपर्यंत गेले. तिचे उच्चार कच्चे होते, एक-दोन ठिकाणी ते थांबले, पण तिला पुढे येऊ दिलं. डॉक्टरांना तिने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असं होतं. गाण्यासारखं पाठ केलेलं असतं ते कधीकधी वाचतं. त्यातून ते काय सांगू बघताहेत ते मात्र तुम्हीच ओळखायचं.

इंदूला ओळखायला काही उरलं नव्हतं. दर रविवारी अकरा वाजता नीरजचा व्हिडिओ कॉल येई. ती फोन त्यांच्या तोंडासमोर धरी. त्याला बघितलं की त्यांचा डावा हात गादीवरून उचलला जाई.

"बाबा, कसे आहात?"

"टका."

"हो बाबा, पाठवलेत. आईच्या खात्यात जमा झालेत बघा."

"टका."

"आणखी पाठवतो बाबा. काळजी नका करू."

आणि खरंच पाठवायचा. सोमवारी इंदूच्या फोनवर बँकेचा निरोप यायचा. पहिल्यांदा तिला वाटलं त्याला समजत नाहीये. तिने फोन घेऊन स्वयंपाकघरात जाऊन नीट सांगितलं. "पैसे नकोत रे त्यांना. ते खेळताहेत. तू फक्त 'टाका' म्हण."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"नीरज?"

"आई, रेंज जातेय. मीटिंग आहे, नंतर करतो."

रविवारी मीटिंग.

रोज आंघोळ घालून झाली की ती त्यांच्यासमोर बसे आणि नीरजच्या वाट्याच्या ओळी म्हणे. देवेंद्र आला की तो म्हणे, "लाओ भाभी, आज हम." पण त्याला तिसऱ्या ओळीनंतर काही यायचं नाही, आणि सरवटे बाबू त्याच्याकडे असे बघायचे की तो म्हणायचा, "बाबू अब भी हमको फेल करते हैं." हसता हसता तो चष्मा पुसायचा.

ऑक्टोबरात एका सकाळी तेलुगूनंतर ते थांबले. शेवटची ओळ उर्दूची, त्यांच्या वाट्याची. इंदू वाट बघत राहिली. ओठ हलले, आवाज नाही. तिला वाटलं दमले असतील. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवड्याभराने तमिळ गेली. तमिळ, जी ते खिडकीवर सगळ्यात जास्त वापरायचे. इंदू भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दूध न आल्याच्या खुणा करायची तिथे, कुठपर्यंत गेले ते लिहू लागली. दिवाळीपर्यंत पंजाबी. नीरज दिवाळीला आला नाही, रुपालीच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. यादी शेवटाकडून गळत होती आणि वर सरकत होती.

नोव्हेंबरात तिने फोनवर त्याला सगळं सांगितलं, तारखांसकट. "आता नेपाळीपर्यंतच जातात. तू लवकर ये. मराठी अजून आहे, तुझी ओळ तुला मिळेल."

"आई, ते मुद्दाम करतात."

"मुद्दाम करायला डोकं कुठे राहिलंय त्यांना?"

"मग माझा फोन आला की हाच शब्द का?" त्याचा आवाज बारीक झाला. "मी लग्नात काय बोललो ते विसरलो नाहीये मी. ते टका म्हणतात ना, मला तेच ऐकू येतं. मला त्यांच्यापुढे बसून ते म्हणता येणार नाही, आई. नर्स ठेवू का चोवीस तासांची? खर्चाचं मी बघतो."

"नर्स म्हणेल का टाका?"

दुसऱ्या दिवशी बँकेचा निरोप आला, नेहमीपेक्षा मोठ्या आकड्याचा. इंदूने त्यातली पै खर्च केली नाही. का नाही, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

संक्रांतीला तिने तिळाची वडी कुस्करून त्यांच्या जिभेवर ठेवली आणि खेळ लावला. सातवी ओळ आली नाही. म्हणजे मराठीपर्यंत पोचणंच संपलं. आठवी तिने तशीच म्हटली, मध्ये एक जागा रिकामी ठेवून. त्यांनी ओळखीने बघितलं नाही. त्या दिवशी ती मागच्या अंगणात जाऊन रडली. आपण गाडीत काय बोललो होतो ते तिला आठवत होतं. नीरजने एक वाक्य म्हटलं होतं, तिने भोपाळपर्यंत सुनावलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी फक्त दोन ओळी उरल्या, त्यांची पहिली आणि तिसरी. मग एकच. मार्चच्या पहिल्या रविवारी तिने फोनवर नीरजला एवढंच सांगितलं, "आता एकच उरलाय रे. पहिला." कसं कोण जाणे, या वेळी तो म्हणाला, "होळी झाली की येतो. तिकीट काढतो." आणि खरंच तिकिटाचा फोटो पाठवला. इंदूने तो सरवटे बाबूंना दाखवला. तिकिटाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

होळी झाली. सोमवारी सकाळी आंघोळीनंतर ती समोर बसली आणि त्यांनी टका म्हटलं नाही. तिने म्हटलं, त्यांनी ऐकलं, किंवा नाही ऐकलं. संध्याकाळी पुन्हा. मंगळवारी पुन्हा. नीरज गुरुवारी पोचणार होता. बुधवारी गाडीत बसल्यावर त्याचा फोन आला, "आई, मी नोट बघून सगळे पाठ करतोय. तेलुगू विसरलो होतो." इंदू म्हणाली, "कर." बाकी काही म्हणाली नाही.

गुरुवारी तो आला. कानांजवळ केस पांढरे झालेले. पिशवी दारातच ठेवून सरळ खाटेकडे गेला आणि चप्पल काढायची विसरून स्टुलावर बसला.

"बाबा, मी आलोय. म्हणा."

दत्तात्रेयांनी त्याच्याकडे पाहिलं. रोज येणाऱ्या दूधवाल्याकडे, औषध देणाऱ्या इंदूकडे बघायचे, तसंच.

"म्हणा ना बाबा. मी तयार आहे."

रस्त्यावरून एक टमटम खडखडत गेली. नीरजने मान वळवून आईकडे पाहिलं.

"सोमवारपासून नाही," इंदू म्हणाली.

"काय नाही?"

"काहीच नाही."

"काल फोनवर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आला असतास?"

तो पुन्हा वडिलांकडे वळला आणि पुढे सरकून, अगदी हळू म्हणाला, "टका." आणि थांबला. तोंड किंचित उघडं ठेवून, अगदी त्यांच्यासारखा. इंदूला ते बघवेना. तिने स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हटलं, "टाका."

"रूपिया," तो म्हणाला. त्याने वडिलांच्या वाट्याच्या ओळी घेतल्या, तिने त्याच्या. कोंकणी झाली, मल्याळम झाली, आणि आठवी आली तेव्हा ती गप्प राहिली. ती त्याचीच होती. तो म्हणाला, "रुपये." आवाज फाटला, पण तो पुढे गेला. उरलेल्या सातही त्याने एकट्याने म्हटल्या, तेलुगूवर अडखळला, परत मागे जाऊन नीट म्हटली. पंधरावी संपली तेव्हा त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

सरवटे बाबूंचा डावा हात हलला. नीरज एकदम पुढे झुकला. हात त्याच्या गुडघ्यावरून घसरून तिपाईकडे गेला, जिथे पेला होता.

"पाणी हवंय त्यांना," इंदू म्हणाली.

नीरज जागचा हलला नाही. "आई, त्यांना कळलं असेल ना? थोडं तरी?"

बापलेकांच्या मध्ये उभं राहून जन्मभर इंदूने दोन्हीकडे गोड निरोप पोचवले होते. 'बाबा रागावले नाहीत हो.' 'नीरजला तसं म्हणायचं नव्हतं.' आताही एक शब्द पुरला असता. तो तिच्या ओठांवर आलाही.

"नाही रे," ती म्हणाली. "गेल्या रविवारी आला असतास तर कळलं असतं."

तिने पेला उचलला, डाव्या हाताने त्यांची मान सावरली आणि घोट घोट पाणी पाजू लागली. थोडं आत गेलं, थोडं गळ्यावरून सदऱ्यात उतरलं. "नॅपकिन दे," ती मागे न बघता म्हणाली. नीरज उठला. त्याने खाटेची उशी पाहिली, दाराच्या खुंट्या पाहिल्या, कपाट उघडून पाहिलं. या घरात नॅपकिन कुठे ठेवतात हे त्याला माहीत नव्हतं, आणि तो विचारतही नव्हता. तो एकामागून एक खण उघडत राहिला.